संत नामदेवराय : सगळं घर पंढरीला नेणारा प्रपंची

वारकरी माय-बापहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. त्या निमित्तानं स्मरणिका निघत आहे अन् मंडळींनी मला एखाद्या संताचं चरित्र लिहून मागितलं. मी चौथी शिकलेला कास्तकार. दिवसा वावर अन् रात्री कीर्तन, एवढंच मला येते. अभंग लिहून दाखवायचे नसतात, ते टाळ-मृदंगावर म्हणायचे असतात. म्हणून इथं अभंग देत नाही. साधं सरळ चरित्र सांगतो, जसं पारावर बसून सांगावं तसं.

चरित्रासाठी मी नामदेवरायांना निवडलं. त्याला कारण आहे. गावोगाव कीर्तनाला जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. कोणी वावरातला माणूस असतो, कोणी कोळशाच्या खाणीत पाळीवर जाणारा असतो. तो म्हणतो, बुवा, आमच्या मागं बायको-लेकरं आहेत, कर्ज आहे, लग्नं करायची आहेत. आम्हाला कुठं जमते देवाचं? ज्यानं घर सोडलं त्यालाच देव भेटते ना? या प्रश्नाला मी नामदेवरायांचं नाव सांगतो. घरात पंधरा माणसं, चार पोरं, चार सुना, कपड्याचा धंदा, कधी घरात दाणा नाही अशी अवस्था, अन् आयुष्य ऐंशी वर्षांचं. एवढा मोठा प्रपंच गळ्यात घेऊन हा माणूस पंढरीचा सर्वांत लाडका वारकरी झाला. घर सोडून नाही, घर सोबत घेऊन झाला.

पण ते सोपं नव्हतं. घरच्यांनी त्याची किंमत मोजली, ते पण सांगितलं पाहिजे. कीर्तनात आपण देवानं जेवण केलं ते रंगवून सांगतो अन् राजाईची चूल विझली होती ते दोन शब्दांत उरकतो. इथं दोन्ही सांगतो.

जन्म आणि बालपण

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठावर नरसी गाव आहे. आता त्याला नरसी नामदेव म्हणतात. नामदेवरायांचं मूळ घराणं तिथलं. जात शिंप्याची, धंदा कपडे शिवण्याचा अन् विकण्याचा. वडिलांचं नाव दामाशेटी, आईचं नाव गोणाई. घराण्यात पंढरीची वारी आधीपासून होती. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवराय जन्माला आले. वारकऱ्यांना वेगळं सांगायला नको, हा कार्तिकी वारीचा दिवस. पुढं सगळं घर पंढरपुरातच राहिलं अन् नामदेवरायांचं बालपण विठ्ठलाच्या राऊळाजवळ गेलं.

लहानपणची नैवेद्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. दामाशेटी रोज देवाला नैवेद्य नेत. एक दिवस ते बाहेर होते, म्हणून गोणाईनं पोराच्या हाती ताट दिलं. लेकराला वाटलं की देव खरोखर जेवतो. बाप रोज रिकामं ताट घरी आणत असेल, असाच त्याचा समज. त्यानं ताट ठेवलं, वाट पाहिली. देव काही जेवेना. मग लेकरू रडलं, माय मारेल म्हणाली, अन् शेवटी पायरीवर डोकं आपटायला निघालं. तेव्हा देव जेवला, असं परंपरा सांगते. मी या कथेत चमत्कारापेक्षा एक दुसरी गोष्ट पाहतो. आईनं सांगितलेलं काम पुरं झालं पाहिजे, ही त्या पोराची तळमळ होती. देवाची भक्ती त्याला घरातल्या कामातूनच लागली. आईनं ताट दिलं, बापानं वाट दाखवली. मग पोरगं देवापर्यंत पोचलं.

बाप्पाहो, आपल्या दिंडीत जे म्हातारे आज वीणा धरतात, त्यातले कितीतरी बापाच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा पंढरीला गेले होते. ही गोष्ट तशीच आहे.

धंदा काही जमेना

पोरगा मोठा झाला. बापानं कपड्याचं गाठोडं देऊन बाजाराला पाठवलं. नामदेवराय बाजारात बसले खरे, पण भजनातच रमले. संध्याकाळ झाली, माल तसाच. येताना रस्त्यात धोंडे दिसले. सांगतात की त्यांनी ते कपडे उघड्या धोंड्यांना पांघरले, एका धोंड्याला जामीन धरलं अन् आठ दिवसांत पैसे देण्याचा वायदा करून घरी आले. बापानं विचारलं, पैसे कुठं? म्हणाले, उधारीवर दिले आहेत, धोंडोबा जामीन आहे. वायद्याच्या दिवशी पैसे आले नाहीत, म्हणून जामीन झालेला धोंडा उचलून घरी आणून कोठडीत कोंडला. तो सोन्याचा झाला अन् दामाशेटीचे पैसे वसूल झाले, अशी कथा आहे.

ज्यानं उधारीवर बियाणं-खत घेतलं, ज्यानं दुसऱ्याला जामीन राहून हात पोळले, त्याला ही कथा ऐकून हसू पण येते अन् पोटात धस्स पण होते. दामाशेटीला त्या आठ दिवसांत काय वाटलं असेल? भांडवल गेलं, पोरगा भोळा निघाला, म्हातारपण कसं जाईल? म्हणून गोणाई अन् दामाशेटी पोराला रागावले, तर त्यांना दोष देऊ नये. मायबापांनी चिंता केली पाहिजे, ते त्यांचं कामच आहे.

पंधरा माणसांचं घर

नामदेवरायांचं लग्न राजाईशी झालं. चार मुलं झाली : नारा, विठा, गोंदा अन् महादा. एक मुलगी, लिंबाई. चार सुना आल्या : लाडाई, गोडाई, येसाई अन् साखराई. बहीण आऊबाई. आई-वडील घरीच. अन् एक दासी, जनाबाई. ती गंगाखेडची. लहान असतानाच दामाशेटीच्या घरी आली अन् या घरातच वाढली.

मोजून पाहा, पंधरा माणसं भरतात. रोज सकाळी पंधरा तोंडं अन् धंदा असा. राजाईला काय यातना झाल्या असतील, ते जिच्या घरी आषाढात कोठी रिकामी असते त्या माउलीला विचारा. राजाईचं दुःख वारकरी परंपरेनं लपवून ठेवलं नाही. तिनं नवऱ्याची तक्रार थेट रुक्मिणीमातेपाशी केली. तुमच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलं, घरात लुगडं नाही, दाणा नाही, लेकरं उपाशी, असं तिचं गाऱ्हाणं. रुक्मिणीमाता आमच्या विदर्भाची लेक, कौंडण्यपूरची. बाईचं दुःख बाईपाशी अन् तेही माहेरच्या मातीतल्या बाईपाशी पोचलं. गोणाई तर विठ्ठलाशी भांडली. माझा नवसाचा पोरगा तू आपल्याकडे ओढून घेतला, तो मला परत दे, असं तिचं म्हणणं. म्हातारीनं देवाला सोडलं नाही.

परिसाची कथा पण राजाईचीच आहे. पंढरपुरात परिसा भागवत नावाचे भक्त होते. त्यांच्याजवळ परीस होता, लोखंडाला लावला की सोनं होई. त्यांची बायको अन् राजाई मैत्रिणी. राजाईचे हाल पाहून तिनं परीस थोड्या वेळासाठी राजाईला दिला. राजाईनं लोखंडाचं सोनं केलं, बाजारातून दाणागोटा आणला अन् कितीतरी दिवसांनी लेकरांपुढं भरलेली ताटं मांडली. नामदेवराय घरी आले, विचारपूस केली, परीस पाहिला अन् उचलून चंद्रभागेत टाकून दिला. मग परिसा भागवत वाळवंटात येऊन भांडायला लागले. नामदेवरायांनी पाण्यात बुडी मारली अन् ओंजळभर खडे वर आणले. ते सगळे परीसच होते. तेव्हा परिसा भागवतांचा अहंकार गळाला अन् ते नामदेवरायांचे शिष्य झाले.

कीर्तनात आपण इथं टाळी घेतो. घेतली पाहिजे, वैराग्य मोठंच आहे. पण मला नेहमी वाटते, त्या संध्याकाळी राजाईला कसं वाटलं असेल? बाईनं चोरी केली नव्हती, लेकरांना जेवू घातलं होतं. खरं नवल असं की ही राजाई पुढं नवऱ्याला सोडून गेली नाही, देवाला पण सोडलं नाही. रागावली, भांडली अन् शेवटी स्वतःच भक्त झाली. तिच्या नावाचे अभंग आहेत. गोणाईच्या नावाचे आहेत. मुलांच्या नावाचे आहेत. सुनांच्या नावाचे आहेत. जनाबाईचे तर घराघरांत जात्यावर म्हटले गेले. शंभर कोटी अभंग करण्याचा संकल्प नामदेवरायांनी केला तेव्हा घरातल्या माणसांनी तो वाटून घेतला, असं सांगतात. काम वाटून घेणारं घर ते हेच. एकानं टाळ धरावा अन् बाकीच्यांनी कपाळावर हात मारावा, असं ते घर राहिलं नाही.

कच्चं मडकं अन् गुरू

नामदेवरायांना एक अभिमान होता. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं जेवतो, मग मला आणखी काय पाहिजे? ही गोष्ट संतांच्या ध्यानात आली. तेरढोकीला गोरोबा काकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईनं गोरोबांना म्हटलं, काका, तुम्ही कुंभार, यातली मडकी कच्ची कोणती अन् भाजलेली कोणती ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं अन् एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले. नामदेवराय मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे एक मडकं कच्चं आहे.

भर सभेत असा अपमान झाला. रडत विठ्ठलापाशी गेले. विठ्ठलानं पण सांगितलं की गुरू कर. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तर म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजला आहे. रागावले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवराय जिकडे पाय ठेवतील तिकडे पिंड दिसायला लागली. तेव्हा उमजलं की देव फक्त पंढरीच्या विटेवर नाही, सगळीकडे आहे.

या घडीपासून चरित्र बदलते. आधी नामदेवराय देवाचे लाडके होते, आता लोकांचे झाले. एक कुत्रं भाकर घेऊन पळालं तेव्हा मागं तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून, ती कथा याच समजुतीची आहे. ज्याला कुत्र्यात देव दिसला त्याला शेजाऱ्यात दिसणारच.

औंढ्याची आणखी एक कथा आहे. देवळापुढं त्यांचं कीर्तन रंगलं होतं. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं, मागं जाऊन करा म्हणाले. ते निमूट देवळाच्या मागं गेले अन् तिथं कीर्तन सुरू केलं. सांगतात की देऊळच फिरलं अन् त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. आजही तिथं नंदी मागच्या बाजूला दाखवतात. कीर्तनकारानं ही कथा स्वतःला सांगावी. जागा पुढची भेटली की मागची, त्यानं काही बिघडत नाही.

ज्ञानोबा माउलींची सोबत

ज्ञानेश्वर माउली वयानं नामदेवरायांपेक्षा लहान. ते पंढरपूरला आले अन् तीर्थयात्रेला सोबत चला म्हणाले. नामदेवरायांचा जीव पंढरीतून निघेना. शेवटी विठ्ठलानंच त्यांचा हात माउलींच्या हाती दिला. दोघं उत्तरेला गेले. मारवाडात तहान लागली, विहीर खोल अन् दोर नाही. माउली योगबळानं आत उतरून पाणी पिऊन आले. नामदेवरायांना योग येत नव्हता, ते विठ्ठलाला हाक मारत बसले. विहीर काठोकाठ भरून वाहायला लागली, सगळ्या वाटसरूंची तहान भागली. योग्यानं पाणी प्याला तो एकटा प्याला, भक्तानं हाक मारली ते पाणी सगळ्यांना पुरलं. माउली पण हेच दाखवायला त्यांना सोबत घेऊन गेले असतील.

इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. तेव्हा नामदेवराय तिथं होते. समाधीची जागा नारा, विठा, गोंदा, महादा यांनी झाडून साफ केली, असं परंपरा सांगते. त्यांनी बापासोबत मित्राच्या समाधीची जागा झाडली. आजच्या दिंडीत तळाची जागा झाडणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं, त्यांचं काम लहान नाही. माउली अन् त्यांच्या भावंडांचं चरित्र नामदेवरायांनीच आदि, तीर्थावळी अन् समाधी अशा अभंगांच्या प्रकरणांतून सांगून ठेवलं. मित्र गेला, पण मित्राची कथा यांनी जगात ठेवली.

त्याच १२९६ साली उत्तरेकडून अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला होता. यादवांचं राज्य खिळखिळं झालं अन् पुढच्या काही वर्षांत बुडालं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानीच देवगिरीला आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य आलं. एवढी उलथापालथ एका माणसाच्या आयुष्यात झाली. राजे बदलत गेले, वाळवंटातलं कीर्तन बंद पडलं नाही. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखोबा, जनाबाई, सगळ्या जातींचे लोक त्या मेळ्यात होते. म्हणून नामदेवरायांना आद्य कीर्तनकार म्हणतात. आपण आज ज्या गादीवर उभे राहतो, ती त्यांनी घातलेली आहे.

पंजाबात वीस वर्षं

माउली गेल्यावर नामदेवराय पुन्हा उत्तरेकडे निघाले. हिंडत हिंडत पंजाबात पोचले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान गाव आहे, तिथं ते जवळजवळ वीस वर्षं राहिले. तिथल्या लोकांच्या भाषेत पदं केली, जातीचा भेद मानू नका, नाम घ्या, एवढंच सांगितलं. त्यांची ६१ पदं शीख बांधवांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी तो ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पंढरीच्या शिंप्याची वाणी मानानं त्यात आली. तिकडे त्यांना भगत नामदेव म्हणतात. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्यांच्याच नावावर.

तेव्हा ना रेल्वे होती, ना मोटार. आपल्या कन्हानच्या ठेसनावरून गाड्या जाताना पाहतो तेव्हा मनात येते, हा माणूस तेवढी वाट पायी गेला. पण दुसरी गोष्ट पण मनात येते. ही वीस वर्षं पंढरपुरातलं घर कोणी सांभाळलं असेल? राजाईनं, पोरांनी, सुनांनीच सांभाळलं असेल. नामदेवराय पंजाबात नाम वाटू शकले, कारण मागं घर उभं होतं. त्या कामाचं अर्धं पुण्य मी राजाईच्या पदरात टाकतो.

चोखोबांची हाडं

सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. चोखोबा तिथं कामावर होते. चोखोबा आमच्या विदर्भाचे, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे, असं मानतात. गावकूस कोसळलं अन् त्याखाली मजूर दबून मेले. त्यांत चोखोबा पण गेले. नामदेवराय तेव्हा सत्तरीला टेकलेले. म्हातारा माणूस मंगळवेढ्याला गेला. ढिगाऱ्यात कितीतरी मजुरांची हाडं, त्यातली चोखोबांची कोणती? सांगतात की नामदेवराय एकेक हाड कानाशी धरत गेले. ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ते हाड चोखोबांचं. ती हाडं पंढरीला आणली अन् महाद्वारासमोर समाधी बांधली.

ज्या चोखोबांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी देवाच्या दारात केली. माय-बापहो, हाडं उचलायला सत्तरीतला माणूस स्वतः गेला, दुसऱ्याला पाठवलं नाही. आपल्या इकडे खाणीत अपघात होते, विटाभट्टीवर भिंत पडते, मजूर माणूस जातो. दोन दिवस बोलणं होते अन् मग नाव पण राहत नाही. नामदेवरायांनी मजुराचं नाव देवाच्या दारात सातशे वर्षं राहील असं केलं. मला विचाराल तर या चरित्रातलं हे सर्वांत मोठं काम.

पायरी

म्हातारपणी नामदेवरायांनी देवाजवळ एकच मागणं मागितलं. मला गाभाऱ्यात जागा नको, दाराच्या पायरीत दे. येणाऱ्या संतांची, वारकऱ्यांची पायधूळ माझ्या डोक्यावर पडू दे. शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, त्यांनी महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला. अन् एकट्यानं नाही, परंपरा सांगते की घरातल्या माणसांनी पण त्यांच्यासोबत तिथंच समाधी घेतली. गोणाई, राजाई, पोरं, सुना, जनाबाई, सगळे. फक्त लाडाई सून बाळंतपणासाठी माहेरी होती, ती राहिली, म्हणून वंश पुढं चालला.

ज्या राजाईनं रुक्मिणीपाशी गाऱ्हाणं केलं, ती पण त्या पायरीत आहे. ज्या गोणाईनं देवाशी भांडण मांडलं, ती पण आहे. जात्यावर दळणारी जनी पण आहे. मालक अन् दासी एकाच पायरीत. अशी पायरी दुसऱ्या कुठल्या देवळाला असेल असं मला वाटत नाही.

आषाढी झाली, पौर्णिमेला गोपाळपुऱ्याचा काला झाला की आपल्या दिंड्या परतीला लागतात. विदर्भाचा देव पण त्याच पौर्णिमेला धापेवाड्याला येतो, म्हणून आपल्याला घाई असते. त्यामुळे त्रयोदशीची नामदेवरायांची पुण्यतिथी पंढरीत बसून करणं फार थोड्यांना जमते. ज्यांना जमत नाही त्यांनी गावच्या देवळात करावी. दुसऱ्या दिवशी चतुर्दशीला सावता महाराजांची असते. शिंप्याची अन् माळ्याची, दोन प्रपंची संतांची पुण्यतिथी लागोपाठ येते.

आपल्यासाठी

आता शेवटचं बोलून थांबतो. या स्मरणिकेत शंभर वर्षांतले वीणेकरी, चोपदार, मृदंगी, विणेकऱ्यांचे मानकरी, अन्नदाते यांची यादी छापली जाणार आहे. चांगलं आहे. पण आपली वारी निघते कधी? धानाचं रोवणं तोंडावर असते, पऱ्हाटीचं निंदण आलेलं असते. आपण टाळ घेऊन निघतो अन् मागं चिखलात वाकून कोण उभं राहते? घरची माय, बायको, सून. ती रोवणं लावते, बैलाला चारा टाकते, म्हाताऱ्याला औषध देते, लेकराला शाळेत घालते. सावकाराचा माणूस आला तर त्यालाही तीच तोंड देते. शंभर वर्षं दिंडी चालली ती चालणाऱ्यांमुळे अन् मागं राहणाऱ्यांमुळे पण.

नामदेवरायांच्या चरित्रातून मी एवढंच घेतलं. सातशे वर्षं झाली, राजे-सरदारांच्या बायकांची नावं कोणाला पाठ नाहीत. पण त्या शिंप्याच्या चारही सुनांची नावं परंपरेनं जपून ठेवली आहेत : लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. दासीचं नाव तर सर्वांच्या तोंडी आहे. त्या घरात वारी कोणा एकाची नव्हती, म्हणून ही नावं राहिली.

तेव्हा माझी दिंडीच्या मंडळींना विनंती आहे. यंदापासून वहीत वारकऱ्याचं नाव लिहिताना त्याच्या घरी मागं राहणाऱ्या माणसाचं नाव पण बाजूला लिहावं. एक वर्ष नवरा गेला तर दुसऱ्या वर्षी बायकोला पाठवावं अन् नवऱ्यानं रोवणं सांभाळावं. जमेल तर दोघांनी जावं अन् शेजाऱ्यानं वावर पाहावं. घरात रोज संध्याकाळी दहा मिनिटं हरिपाठ सगळ्यांनी मिळून म्हणावा, एकानं म्हणून दुसऱ्यानं ऐकू नये.

अन् पंढरीला गेलात की महाद्वारात नामदेव पायरीपाशी थांबा. पायरीवर पाय न देता आपण डोकं टेकवतो. तिथं फक्त नामदेवरायांसाठी डोकं टेकवू नका. राजाईसाठी, गोणाईसाठी, त्या चार पोरांसाठी, चार सुनांसाठी, जनाबाईसाठी पण टेकवा. समोर चोखोबांची समाधी आहे, तिकडे पण हात जोडा. मग आत जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्या. घरी आल्यावर बुक्का पहिल्यांदा तिच्या कपाळी लावा, जिनं तुमच्या मागं घर सांभाळलं.

रामकृष्णहरी.